सोवळ्याचे हात

हरकऱ्यांच्या घरात ओसीडी एकालाच होता आणि तो विहंगला होता, असं विहंगचं म्हणणं होतं.

पाहुणे आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो हे सांगून मोकळा व्हायचा. टीव्हीखालचे रिमोट त्याने उंचीप्रमाणे लावलेले असत, वर्तमानपत्राची कड टेबलाच्या कडेशी जुळवलेली असे. "वाकडं काही बघवतच नाही ना मला. जबरदस्त ओसीडी आहे," असं तो म्हणायचा, साजूक तुपाशिवाय आपल्याला घास उतरत नाही, हे लोक ज्या सुरात सांगतात त्याच सुरात. मिहानमधल्या त्याच्या ऑफिसात म्हणे निम्म्या लोकांना ओसीडी होता. दुखणं नव्हतंच ते, पदवी होती.

हे बोलणं चालू असताना भिंतीपलीकडे बाथरूमचा नळ वाहत असायचा. तिथे विहंगची बायको दामिनी कोपरापर्यंत हात धूत उभी असायची. नळ बंद व्हायचा, आणि पाहुण्याने बिस्किट उचलेपर्यंत पुन्हा सुरू व्हायचा. कुणाची नजर तिकडे गेलीच तर विहंगच्या आई सुहासिनीबाई हसून सांगत, "आमची सून. सोवळं फार कडक आहे हो तिचं."

विहंगची थोरली बहीण गार्गी हे सगळं रोज ऐकायची. ती कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरचं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. लग्न केलं नव्हतं. त्रिमूर्तीनगरच्या त्याच फ्लॅटमध्ये राहायची, सकाळी कंपनीच्या बसने जायची आणि संध्याकाळी केसांत बारीक राख घेऊन परत यायची. आपल्या माणसांबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं. ते ती लपवतही नसे. फक्त बोलायची कमी, म्हणून नातेवाईक तिला शांत स्वभावाची समजत.

दामिनीबद्दलही तिचं मत बरं नव्हतं.

दामिनी काटोलची. घर कुणब्याचं, वडील चंपतराव यांची संत्र्याची बाग. इंजिनिअरिंगला विहंगच्या वर्गात होती, तिथेच दोघांचं जमलं. सुहासिनीबाईंनी लग्नाला होकार दिला आणि तो आपण किती मोठ्या मनाने दिला हे पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगितलं. मग आल्या पहिल्या महालक्ष्म्या. भाद्रपदातला हा सण हरकऱ्यांकडे भोसल्यांच्या राज्यापासून चालत आलेला: ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, आणि सगळा स्वैपाक सोवळ्यात. म्हणजे आंघोळ करून, कुणाचा हात न लागलेलं वस्त्र नेसून, कुणालाही न शिवता. नव्या सुनेने मदत करावी म्हणून पुरणाच्या पातेल्यात डाव घातला. सुहासिनीबाईंनी अवाक्षर न काढता ते पातेलं गॅसवरून उतरवलं, मोलकरणीच्या डब्यात रिकामं केलं आणि नवी डाळ शिजत घातली. वर गोड आवाजात म्हणाल्या, "असू दे गं. तुमच्याकडे नसतं ना हे. शिकशील."

दामिनी शिकली. आधी तिने बोलण्यातलं 'मले-तुले' सोडलं. मग सोवळं असं उचललं की काही वर्षांत सुहासिनीबाईंचंच सोवळं तिच्यापुढे ढिलं दिसायला लागलं. महाल भागातल्या काकू आणि धरमपेठेतली मावशी आपापल्या सुनांना ऐकवू लागल्या, "बघा, काटोलची असून!" त्या 'असून'मध्ये सगळं आलं. हळूहळू भावकीतल्या सगळ्यांचा महालक्ष्म्यांचा नैवेद्य तिच्याच हातचा होऊ लागला. ती ओट्यापाशी उभी राहायची आणि सुहासिनीबाई दिवाणखान्यात बसून कौतुक गोळा करायच्या.

गार्गीला यात नवी सून जुन्यांवर वरताण करू बघतेय एवढंच दिसलं. उसने दागिने घालून मिरवणाऱ्या बाईबद्दल वाटावा तसा तिला दामिनीबद्दल कंटाळा होता. सण नसतानाही हात धुणं सुरू झालं, दाराची कडी, दुधाची पिशवी, लेक भूमिकाचं दप्तर, कशालाही हात लागला की नळ सुरू, तेव्हा गार्गीने तिला शास्त्र समजावून पाहिलं.

"दामिनी, साबणाने एकदा धुतले की झालं. आमच्याकडे दोन रीडिंग जुळली की आम्ही थांबतो. तू कशाची वाट बघतेस?"

"माहीत आहे गार्गीताई," दामिनी खाली बघून म्हणायची, आणि पुन्हा नळ सोडायची.

माहीत आहे आणि तरी करते. गार्गीने याचा एकच अर्थ काढला: बाई मंद आहे.

फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री निघाली तेव्हा चंपतरावांनी क्रेट पाठवलं आणि त्यासोबत दामिनीची आई रुखमाबाई आल्या. दामिनीने एकेक संत्रं भांड्याच्या साबणाने धुतलं. वरची धुऊन होईपर्यंत रात्र झाली आणि खालची तशीच राहून सडली. रुखमाबाईंनी लेकीचे हात बघितले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, मनगटापर्यंत कातडी लाल आणि चुरगळलेली.

"काहून वं पोरी, हे काय करून घेतलं हाताचं? भाजली का?"

उत्तर सुहासिनीबाईंनी दिलं. "सोवळ्याचे हात आहेत ते, विहीणबाई. तुम्हाला सवय नाही."

"नाही बाप्पा, आमाले सवय नाही," रुखमाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं हातानं काम करतेत, हातच नाही खाऊन टाकत."

सुहासिनीबाईंनी हे नंतर हसत हसत मावशीला फोनवर सांगितलं, रुखमाबाईंचा आवाज काढून.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, त्याच आठवड्यात भूमिका पडली. चार वर्षांची पोर, सोसायटीतल्या घसरगुंडीवरून तोंडावर आपटली आणि हनुवटी फुटली. गार्गी बसमधून उतरून फाटकातून आत येत होती. भूमिका मातीत बसून रडत होती, फ्रॉकवर रक्त, दोन्ही हात आईकडे केलेले. "आई, घे ना! आई, घे!" आणि तिच्यापासून हातभर अंतरावर दामिनी उभी होती, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात वर धरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती हात तोंडाजवळ नेत नव्हती.

"गार्गीताई, तू घे. तू घे ना तिला. माझ्याच्याने नाही होत."

गार्गीने पोरीला उचललं आणि मग दामिनीच्या तोंडाकडे नीट बघितलं. आपल्या घरातल्या बायकांच्या चेहऱ्यावर सोवळ्याचा तोरा तिने लहानपणापासून बघितला होता. तो तोरा इथे औषधालाही नव्हता. इथे नुसती भीती होती. इतकी वर्षं ही बाई मिरवत नव्हती, बुडत होती, आणि आपण काठावर उभ्या राहून तिला पोहण्याचे नियम सांगत होतो, हे गार्गीच्या ध्यानात आलं. तिला स्वतःच्या हुशारीची किळस आली.

टाके घालायला नेताना ऑटोत भूमिका तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, आई मला घेतच नाही. मी घाण आहे ना."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर गार्गीने सांगून टाकलं की तिने रामदासपेठेत मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

"वेड लागलंय का तिला?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "हरकऱ्यांची सून वेड्यांच्या डॉक्टरकडे! लोक काय म्हणतील? आणि भाद्रपद काय लांब आहे का आता? त्या गोळ्यांनी म्हणे माणूस नुसतं झोपून राहतं. स्वैपाक कोण करणार, तू?"

"म्हणजे ती बरी झाली तर तुझी पंचाईत."

"काहीतरी बोलू नकोस. पुण्य आहे तिचं ते."

"पुण्याला इतका साबण लागत नाही, आई."

विहंग भाजीची वाटी ताटाच्या मध्यावर सरकवत होता. "गार्गी, तू उगाच मोठं करून राहिली हे. ओसीडी असतं तर मी ओळखलं नसतं का? मला आहे ना. ती कुठे काही सरळ लावते? कपाट बघ तिचं, नुसता पसारा."

दामिनी स्वैपाकघराच्या दारात उभी होती. तिने कुणाकडेही न बघता विचारलं, "किती वाजता जायचं, गार्गीताई?"

गेले मात्र चौघंही. विहंगला कुतूहल होतं आणि सुहासिनीबाईंना पहारा करायचा होता. डॉक्टर वैदेही नावाच्या, पन्नाशीच्या, थकल्या डोळ्यांच्या बाई होत्या. त्यांनी आधी दामिनीलाच आत घेतलं. दामिनीने गार्गीचा हात धरायला हात पुढे केला, अर्ध्यातून मागे घेतला, आणि म्हणाली, "ही येऊ दे."

डॉक्टरांनी आधी हात बघितले. मग झोप, जेवण, माहेर, बाळंतपण. मग विचारलं, "हात धुतले नाहीत तर काय होईल असं वाटतं?"

"अस्वच्छ वाटतं."

"ते सगळ्यांनाच वाटतं. तुम्हाला काय वाटतं?"

डॉक्टर थांबल्या. घाई करायची नाही हे त्या बाईला येत होतं. दामिनीने एकदा मराठी जुळवायचा प्रयत्न केला, सासरची, धुतलेली. ती काही जुळेना.

"तुमच्या बोलीत बोला ना," डॉक्टर म्हणाल्या. "मी हिंगण्याची आहे."

"मले वाटते का भूमीले काहीतरी होईन," दामिनी एकदम म्हणाली. "माह्या हाताले काही लागलं असन, अन् मी तिले शिवली तं थे मरून जाईन. अन् थे माह्यामुळं होईन. धुतले का दोन मिनिटं बरं वाटते. मंग मनात येते, नीट धुतले का नाही? मंग पुन्हा. देवाधर्माचं काहीच नाही त्याच्यात. मले मालूम हाये का हे खोटं हाये. सगळं मालूम हाये. तरी बी ते डोक्यातून जातच नाही न बाई."

गार्गीने खिडकीबाहेर बघितलं. 'माहीत आहे गार्गीताई' हे वाक्य तिने इतकी वर्षं ऐकलं होतं आणि त्यावर मंदपणाची चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवलं होतं. रोगाचं सगळ्यात मोठं लक्षण तेच होतं.

मग बाकीचे दोघे आत आले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हा ओसीडी आहे आणि बराच वाढलेला आहे. नको असलेला विचार आपोआप येतो, तो भीती आणतो. भीती घालवायला माणूस काहीतरी करतो. त्याने घटकाभर सुटका होते, आणि त्या सुटकेमुळेच भीती पुढच्या वेळी आणखी जोरात येते. दिवसाचे कित्येक तास त्यात जातात. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, कुणाच्या संस्कारांशी नाही.

"पण सोवळं आमच्याकडे पहिल्यापासून आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"तुमचं सोवळं आंघोळ झाली की होतं ना?"

"होतंच. न व्हायला काय झालं?"

"यांचं कधीच होत नाही. एवढाच फरक आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपल्याकडे याला जुना शब्दही आहे. मंत्रचळ. तुम्ही ऐकला असेल."

सुहासिनीबाईंनी ऐकलाच होता. खालच्या मजल्यावरची भाडेकरीण गॅस बंद आहे का हे बघायला जिन्यातून पुन्हा पुन्हा परत वर जायची, तेव्हा हाच शब्द त्यांनी सगळ्या सोसायटीत वाटला होता. त्या बाईला पुरण घालता येत नव्हतं, म्हणून तिला रोगी ठरवायला कुणाची हरकत नव्हती.

"डॉक्टर, मलाही आहे," विहंग पुढे सरकून म्हणाला. "वाकडं काही चालत नाही मला. रिमोट, चपला, काहीही."

"रिमोट वाकडा दिसला तर काय होतं?"

"इरिटेट होतं."

"सरळ केला की?"

"बरं वाटतं."

"मग संपतं?"

"हो, संपतं."

"मग तुम्हाला काही नाही. अभिनंदन," डॉक्टर म्हणाल्या.

विहंगचं तोंड हातातलं बक्षीस कुणी काढून घेतल्यासारखं झालं. घरी आल्यावर एवढंच म्हणाला की दुसरं मत घ्यायला पाहिजे. ते त्याच्या स्वतःबद्दल की दामिनीबद्दल, हे कुणी विचारलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय दर आठवड्याला एक सराव असे. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा, आणि धुवायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची, ती आपली आपण उतरते. घरच्यांसाठी नियम वेगळे. 'काही होणार नाही' असा धीर द्यायचा नाही, कारण तोही एक साबणच. सोवळ्याचं कौतुक बंद. आणि यंदा महालक्ष्म्यांचा स्वैपाक दामिनीकडे नाही.

"मग नैवेद्य?" असं सुहासिनीबाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं.

"त्यावर माझ्याकडे औषध नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

पाऊस लागला, उघडला. दामिनीने आधी दाराच्या कडीला हात लावला आणि बिछान्यावर बसून घामाघूम होत वाट बघितली. नंतर दप्तराला. नंतर भूमिकाच्या पायमोज्यांना. एकदा सगळं मोडून ती अख्खी दुपार बाथरूममध्ये होती, आणि सुहासिनीबाईंनी दाराबाहेरून ऐकवलं, "बघ, तुलाच चैन पडत नाही ना त्याशिवाय?" त्या सुरात आशा होती. गार्गीला ती ऐकू आली आणि तिने आईशी आठवडाभर बोलणं टाकलं. श्रावण संपता संपता दामिनीने भूमिकाचं एक बोट धरलं. बोटापुढे गाडी सरकेना. घेणं, मांडीवर घेणं, हे अजून झालं नव्हतं. भूमिका आता मागतही नव्हती. तीच गोष्ट दामिनीला डॉक्टरांच्या सगळ्या सरावांपेक्षा जड जात होती.

महालक्ष्म्यांना सुहासिनीबाईंनी महालातून सोवळ्याचा स्वैपाक करून देणाऱ्या दोघी बायका आणल्या. नातेवाइकांना सांगितलं, सुनेची पाठ धरली आहे. त्या दोघींपैकी एक सोवळ्यात असतानाच कागदी कपातून चहा प्यायली, दुसरी मोबाइल कानाशी धरून पुरण ढवळत होती. सुहासिनीबाई देवघराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सोवळ्याला कधी डोळे मिटायचे ते कळतं. गार्गीच्या मते तीच त्याची तब्येत चांगली असल्याची खूण होती.

पंगत बसली तेव्हा दामिनी आत नव्हती. ती जिन्यात, पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगाशेजारी, पायरीवर बसली होती. या जागेचा सराव तिने स्वतः डॉक्टरांकडून मागून घेतला होता. वरच्या पायरीवर गार्गी होती. भूमिका मावशीआजीच्या चपला पायात घालून फरशीवर फटक फटक चालत होती.

"भूमी," दामिनी म्हणाली. "इकडे ये. मांडीवर बस माझ्या."

पोर थबकली. आधी तिने आत्याकडे बघितलं, खरंच का, म्हणून. मग चपलांसकट आईच्या मांडीवर चढली. दामिनीचं सगळं अंग ताठ झालं. मान एका बाजूला, ओठ पांढरे, हात हवेत.

"गार्गीताई, काही नाही होणार ना तिला?"

"माहीत नाही, दामिनी."

"सांग ना गं."

"नाही सांगणार."

"फार हलकट आहेस तू," दामिनी दात आवळून म्हणाली.

दार उघडून सुहासिनीबाई बाहेर आल्या, कपाळावर घाम, हातात तुपाचं भांडं. "अगं बाई! चपलांत काय बसलीस? मावशी विचारताहेत तुला. त्या बायकांच्या पोळ्या वातड झाल्यात, आणि तुझी आठवण काढताहेत सगळे. ऊठ, डोक्यावरून आंघोळ कर आणि निदान वाढायला तरी ये."

क्षणभर दामिनी उठेल असं वाटलं. घरच्या घरी, सासूच्या आज्ञेने, आंघोळ. एवढी मोठी सुटका तिला कुणी हातात आणून दिली नव्हती. भूमिकाने तिच्या कुर्त्याचा गळा मुठीत धरला.

"मी नाही येऊन राहिली, आई," दामिनी म्हणाली. "मी भूमीले घेऊन बसली."

"भाषा बघ!" सुहासिनीबाई म्हणाल्या आणि दार लोटून आत गेल्या.

ते पुरतं लागायच्या आत विहंग बाहेर आला. बायको बाहेर का बसली आहे हे बघायला आला असावा, पण नजर आधी खाली गेली. "अरे यार, काय पसारा केला आहे लोकांनी," असं म्हणून तो उकिडवा बसला आणि चपलांच्या जोड्या लावू लागला, टाचा भिंतीकडे, बोटं बाहेर. "नाही ना बघवत. डॉक्टर काही म्हणू दे, मला आहेच." बायकोची मांडी आणि तीवरची पोर मध्ये येत होती, म्हणून त्याने दोघींना वळसा घालून पलीकडच्या सँडल उचलल्या. मग एक जोडी जुळेना म्हणून भूमिकाच्या पायांतल्या चपला काढून घेतल्या, जागच्या जागी ठेवल्या आणि हात झटकत आत गेला.

दामिनी त्या सरळ रांगेकडे बघत राहिली. तिच्या घशातून एक आवाज आला. गार्गीला आधी तो हुंदका वाटला. हसणं होतं ते, खूप दिवसांनी वापरलेलं, गंजलेलं.

आई हसतेय म्हणून भूमिकाही हसली आणि तिने मळके तळवे आईच्या दोन्ही गालांवर ठेवले. दामिनीने डोळे मिटून घेतले. हवेतले हात खाली आले आणि पोरीच्या पाठीवर टेकले.

आतून नळाचा आवाज आला. दामिनीची मान लगेच तिकडे वळली. कुणीतरी जेवून हात धूत होतं. जरा वेळ पाणी वाहिलं आणि नळ बंद झाला.

"झालं त्यांचं?" दामिनीने विचारलं.

"झालं," गार्गी म्हणाली.

दामिनी पुन्हा नळ वाजतो का ते ऐकत राहिली. मग तिने पोरीला थोडं वर सरकवून घेतलं.